एकच पावडर, दोन रानं: आजऱ्यातल्या भात बीजप्रक्रियेचं एक प्रकरण

२०२३ च्या खरिपात कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका शेतकऱ्यानं सेंद्रिय भातासाठी स्युडोमोनास फ्लुरोसन्सची, म्हणजे बियाण्याला लावायच्या फायद्याच्या जिवाणूच्या पावडरची, पाकिटं आणली, एकाच दुकानातनं आणि एकाच लॉटची. निम्मी पावडर माळावरच्या धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरायच्या, बियाण्याला लावली, निम्मी ओढ्याकडच्या तरव्याच्या, म्हणजे रोपवाटिकेच्या, बियाण्याला. दिवाळीपर्यंत त्यांचं मत पक्कं झालं होतं, की ओढ्याकडं थोडाफार उपयोग झाला असंल पण माळावर काही म्हणजे काहीच नाही, म्हणजे पावडर बिनकामाची. असं मत गावात पसरायला वेळ लागत नाही, पुढच्या हंगामाच्या तयारीला बसलो तेव्हा गटातल्या बऱ्याच जणांनी जिवाणूंची बीजप्रक्रियाच नको म्हणून सांगून टाकलं.

मी या भागातल्या सेंद्रिय भात करणाऱ्या गटांबरोबर काम करतो, आणि हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की यात पावडरही खोटी नव्हती आणि शेतकऱ्याची मेहनतही कमी पडली नव्हती. बीजप्रक्रियेची जी शिफारस सगळीकडं सांगितली जाते ती भिजवून मोड आणून तरव्यात टाकायच्या बियाण्यासाठी आहे, आणि आमच्याकडं आजरा, भुदरगड, राधानगरी, चंदगड या पट्ट्यात बरंच भात धूळवाफेनं पेरलं जातं. कोरड्या मातीत, पावसाच्या आधी. जिवाणू जिवंत असतो आणि त्याला कुठल्या मातीत सोडतोय हे बघितल्याशिवाय ग्रॅम आणि लिटर सांगून काही होत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मला या दोन रानांवरनं नीट समजावून सांगता येतंय.

शेतकऱ्याला सगळे आण्णा म्हणतात, तेच इथं ठेवतो. माळावर तीस गुंठे तांबडी मुरमाड जमीन, तिथं इंद्रायणी भात कुरीनं, म्हणजे पाभरीनं, पेरतात. ओढ्याकडं वीस गुंठे काळसर, पाणी धरणारी, तिथं चिखल करून घनसाळची रोप लावण. आजरा घनसाळला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हापासून सेंद्रिय म्हणून विकायचा उत्साह वाढला, पण हे भात उंच वाढतं, उशिरा येतं, आणि करपा या बुरशीच्या रोगाला नाजूक आहे. कॅप्टानचं किंवा दुसऱ्या कुठल्या बुरशीनाशकाचं गुलाबी झालेलं बियाणं सेंद्रियात चालत नाही, उभ्या पिकावर ट्रायसायक्लॅझोल हे करप्यावरचं रासायनिक औषध मारायचं नाही, मग राहतं काय तर जात, खताचं नियोजन, पाणी आणि हे जिवाणू. म्हणून ते नीट जमणं आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

आता २०२३ चा पाऊस आठवा. मान्सून केरळातच ८ जूनला पोचला, तळकोकणात ११ ला आला आणि तिथंच बिपरजॉय चक्रीवादळाच्या नादात अडकून बसला, आमच्याकडं खरा जोर धरला तो जून संपत आल्यावर. आण्णांनी माळ रोहिणी निघायच्या सुमारास, म्हणजे मे अखेरीला पेरला होता. शिफारशीप्रमाणं किलोला १० ग्रॅम पावडर, थोडं गुळाचं पाणी शिंपडून चोळली, सावलीत सुकवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुरी धरली. बियाणं कोरड्या मातीत पडलं आणि तीन-चार आठवडे तसंच पडून राहिलं. मधे एखादी सर आली ती नुसता धुरळा बसवून गेली. शेवटी उगवण झाली ती विरळ आणि मागं-पुढं, नांग्या भरायला काकूंना आणि सुनेला भर पावसात आठवडाभर माळावर राबावं लागलं.

ओढ्याकडची गोष्ट वेगळी. तिथं विहिरीचं पाणी होतं म्हणून तरवा मृगात टाकला, बियाणं रात्रभर पावडरच्या पाण्यात भिजवलं, गोणपाटात मोड आणले आणि ओल्या गादीवाफ्यावर फेकलं. रोपं एकसारखी आली.

पुढं त्या सालचा ऑगस्ट कोरडा गेला, देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. माळावर पानं ठिपक्यांनी भरली. सप्टेंबरच्या शेवटाला पाऊस परत आला आणि निसवत असलेल्या भाताच्या काही लोंब्या मानेत काळ्या पडून पांढऱ्या झाल्या. आण्णांच्या बोलण्यात हे सगळं एकच, "करपा". मला त्यांनी मोबाईलवर काढलेले फोटो दाखवले तेव्हा लक्षात आलं की ऑगस्टमधले ठिपके करप्याचे नव्हतेच बहुतेक. करप्याचा ठिपका डोळ्यासारखा असतो, दोन्ही टोकांना निमुळता, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी. हे ठिपके लहान, लांबट गोल, तिळाच्या दाण्याएवढे, पानभर पसरलेले, म्हणजे तपकिरी ठिपके, बायपोलॅरिस बुरशीचे. हा रोग हलक्या, उपाशी जमिनीत आणि पाण्याचा ताण बसलेल्या भातावर जास्त येतो, बियाण्यातनंही येतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या आधी तिथलं भात ज्यानं खाल्लं तो हाच. मानेतलं काळं पडणं मात्र खरं करप्याचं, ज्याला मानमोडी म्हणतात ते.

म्हणजे माळावर दोन रोग, उगवणीचा घोळ, पाण्याचा ताण आणि वेगळी जात. ओढ्याकडं यातलं काहीच नाही. अशा दोन रानांची तुलना करून पावडर चालली की नाही हे ठरवणं बरोबर नाही, ना तिच्या बाजूनं ना विरुद्ध. ओढ्याकडचं भात चांगलं आलं ते पावडरमुळंच असंही मी म्हणत नाही, तिथं पाणी होतं, चिखलणी झाली होती, माती चांगली होती. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आमाला कळायचं कसं बाळ? रान काय दोनदा पेरता येत न्हाई."

त्यांच्या प्रश्नावरच सगळं पुढचं काम उभं राहिलं, पण आधी जिवाणूबद्दल.

स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा मुळाभोवतीच्या मातीत राहणारा जिवाणू. किंग्ज बी नावाच्या माध्यमावर वाढवून अतिनील प्रकाशात धरला तर पिवळा-हिरवा चमकतो, ती चमक पायोव्हर्डिन या द्रव्याची, आणि हे द्रव्य मातीतलं लोह पकडून ठेवतं म्हणजे रोगाच्या बुरशीला लोह मिळत नाही. शिवाय तो काही प्रतिजैविकं सोडतो, आणि सगळ्यात आधी म्हणजे मूळ फुटल्या फुटल्या त्याच्यावर जागा धरतो, एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरावी तसा, मागनं येणाऱ्या बुरशीला बसायला जागा कमी राहते. लोहाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी की साचलेल्या पाण्याच्या चिखलात लोह विरघळलेल्या रूपात भरपूर असतं, त्यामुळं लोह अडवायची करामत लावणीच्या भातात कमी आणि वाफशाच्या रानात जास्त चालावी असं मला वाटतं.

पण करपा तर पानावर येतो, बीजाणू वाऱ्यानं पानावर पडतात, मुळावरचा जिवाणू तिथं काय करणार? हा प्रश्न गटात हमखास येतो आणि तो योग्यच आहे. मुळावर हा जिवाणू बसला की झाड आतनं सावध होतं, जॅस्मोनिक आम्ल आणि इथिलीन या झाडातल्या संप्रेरकांच्या मार्गानं पानापर्यंत निरोप जातो, मग रोग आल्यावर झाड लवकर आणि जोरात प्रतिकार करतं. हा प्रतिकार अर्धवट असतो आणि आधीपासून तयार असावा लागतो. रोग दिसल्यावर पावडर आणायला पळणाऱ्यांची निराशा होते ती म्हणूनच, बुरशीनाशकासारखा तो लागलेला रोग मारत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. स्युडोमोनास बीजाणू तयार करत नाही. कोरडं पडलं, तापलं की मरतो. ४१ अंशाला त्याची वाढ होत नाही, २५ ते ३० अंश आणि ओल हे त्याचं सुखाचं हवामान. मे महिन्याच्या दुपारी माळाच्या उघड्या तांबड्या मातीचा वरचा थर किती तापतो हे अनवाणी चाललेल्या कुणालाही विचारा. त्या मातीत बियाण्याच्या सालीवर बसवलेला जिवाणू तीन-चार आठवडे कोरडा राहिला तर पाऊस येईपर्यंत त्यातला किती जिवंत राहणार, जवळजवळ नाहीच. म्हणजे २०२३ ला माळावर बीजप्रक्रिया झाली, पण उगवणाऱ्या मुळाला भेटायला जिवाणू उरलाच नव्हता. आण्णांचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष तेवढा चुकला होता.

याला पर्याय म्हणून बॅसिलस सबटिलिस आहे. हा पण फायद्याचाच जिवाणू, बुरशीला मारणारी द्रव्यं सोडतो, झाडाला सावध करतो, पण वाईट दिवस आले की टणक कवचाचा बीजाणू करून झोपून राहतो आणि ओल आल्यावर जागा होतो. ऊन, कोरडेपणा हे तो सहन करतो. धूळवाफेला हाच लावायचा, आणि स्युडोमोनास द्यायचाच असेल तर पाऊस लागून जमीन गार झाल्यावर शेणखतातनं द्यायचा. पुस्तकातल्या दोन गोष्टी फक्त आमच्या पेरणीच्या वेळापत्रकाशी जुळवल्या, यात नवं संशोधन काही नाही.

२०२४ च्या मे मध्ये आण्णांना माळ तीन पट्ट्यांत वाटायला राजी केलं. पट्टे उताराला आडवे नाही तर उताराच्या दिशेनं उभे घेतले म्हणजे प्रत्येक पट्ट्यात वरची हलकी आणि खालची जरा बरी अशी दोन्ही माती आली, हे न बघता प्लॉट पाडले तर सगळी मेहनत वाया जाते. तिन्ही पट्ट्यांना बियाणं एकच, घरचं इंद्रायणी, आणि तिन्हीला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया. एका पट्ट्याला नुसती तेवढीच, एकाला गेल्या वेळेसारखा स्युडोमोनास कोरडा चोळून, एकाला बॅसिलस. एकाच दिवशी, एकाच कुरीनं पेरणी.

मिठाच्या पाण्याबद्दल थोडं लिहितो कारण याला फुकटचं म्हणून लोक हलक्यात घेतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं सोडून ढवळायचं, वर तरंगेल ते पोचट, किडकं, रोगट बी काढून टाकायचं, तळाचं घ्यायचं. तपकिरी ठिपक्यांचं बरंचसं रोगट बी इथंच बाहेर पडतं. मग चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, हे धुणं टाळलं तर मीठ बियाण्यावर राहतं आणि पुढं लावलेल्या जिवाणूलाही त्रास होतो. नंतर सावलीत सुकवणं. तरंगलेलं बी कोंबड्यांना घालायचं, आण्णांकडं त्या दिवशी घमेलंभर निघालं आणि काकू म्हणाल्या एवढं पोचट आपण दरसाल पेरत होतो होय.

बॅसिलसची पावडर किलोला १० ग्रॅमच, पण गुळाच्या पाण्याऐवजी भाताची पातळ पेज थंड करून वापरली, ती धरून ठेवते आणि मुंग्या लागत नाहीत. बियाणं हातानं हलकं चोळायचं, सालपट निघेपर्यंत घासायचं नाही, ताडपत्रीवर सावलीत पसरायचं.

पाऊस त्या वर्षी वेळेत आला, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच ओल झाली. म्हणजे बियाणं कोरड्यात राहिलं ते २०२३ पेक्षा बरंच कमी, तरी पट्ट्यांत फरक दिसला. बॅसिलसच्या पट्ट्यात उगवण एकसारखी, कुजलेली, मान टाकलेली रोपं कमी. स्युडोमोनास चोळलेला पट्टा आणि नुसत्या मिठाचा पट्टा यांत मला तरी फरक सांगता आला नसता, आण्णांना पण नाही, आणि आम्ही दोघांनी वेगवेगळं फिरून मग बोललो होतो. हे अपेक्षेप्रमाणंच झालं, पण अपेक्षा असणं वेगळं आणि रानात उभं राहून बघणं वेगळं, आण्णांचं मत बदललं ते तिथं.

पुढं पेरणीला महिना झाल्यावर तिन्ही पट्टे आडवे अर्धे केले आणि खालच्या अर्ध्यांना स्युडोमोनास शेणखतातनं दिला. एकराला १ किलो पावडर, २० किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून, भांगलण झाल्या झाल्या आणि ढगाळ दिवस बघून. (आडवं अर्धं केल्यामुळं खालची बरी माती आणि स्युडोमोनास एकत्र आले, त्यामुळं या भागाच्या निकालावर मी फार भार टाकणार नाही. मजुरांची सोय तशीच होती.) तपकिरी ठिपके बॅसिलसच्या पट्ट्यात जुलैअखेरपर्यंत स्पष्ट कमी होते, नंतर फरक पुसट होत गेला. बियाण्यावर लावलेल्या जिवाणूची ताकद रोपाच्या पहिल्या महिना-दीड महिन्याची, त्यापुढं त्याच्यावर विसंबून चालत नाही. मानमोडी तिन्ही पट्ट्यांत थोडी आली, अगदीच नाही असं कुठंच नव्हतं.

ओढ्याकडच्या वीस गुंठ्यात २०२४ ला बीजप्रक्रियेच्या पुढच्या पायऱ्याही केल्या. तरव्याचं बियाणं नेहमीप्रमाणं, किलोला १० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवून त्यात रात्रभर भिजवलं, सकाळी पाणी निथळून गोणपाटात दिवसभर मोड आणले. इथं पाणी कुठलं हा प्रश्न फार मोठा आहे आणि तो कुणी विचारत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायत नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकते, ती टाकतात जंतू मारायलाच, आणि आपण त्याच पाण्यात विकत आणलेले जिवाणू भिजवतो. विहिरीचं, ओढ्याचं घ्यावं, नाहीतर नळाचं पाणी पसरट भांड्यात रात्रभर उघडं ठेवावं. कीटकनाशकाचा जुना कॅन किंवा तांब्याचं भांडं पण नको. आण्णांच्या घरी बियाणं भिजवायला तांब्याचा हंडाच काढला होता, स्वच्छ आहे म्हणून, तो मी बदलायला सांगितला.

लावणीच्या वेळी रोपांची मुळं बुडवली. एकराच्या लावणीसाठी साधारण १० चौरस मीटरचा छोटा वाफा बांधून त्यात इंचभर पाणी ठेवायचं, १ किलो पावडर कालवायची, आणि रोपांच्या पेंढ्या मुळांकडून निदान अर्धा तास उभ्या ठेवायच्या. आमचं रान अर्ध्या एकराचं म्हणून निम्मं घेतलं. लावणीच्या बायकांना घाई असते, मजुरी चालू असते, अर्धा तास कुणी थांबत नाही, म्हणून पहिल्या पेंढ्या सकाळी चहाच्या आधी बुडवून ठेवल्या आणि मग पाळी लागली. मुळं उपटताना तुटतात, जखमा होतात, अशा वेळी तिथं जिवाणू पोचवणं हे माझ्या मते बियाण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच.

जुलैच्या शेवटाला तरण्या-म्हाताऱ्या पावसानं झोडपलं, पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, आमच्याकडं ओढ्याचं पाणी रानात शिरून उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात पानांच्या कडा टोकाकडून नागमोडी पिवळ्या, मग पांढरट वाळायला लागल्या. आण्णांचा फोन, "आला बघ करपा, मुळं बुडवून पण आला." जाऊन बघितलं तर हा कडा करपा, झँथोमोनास जिवाणूचा. तपासायला सोपं आहे, रोगट पान कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरलं की कापलेल्या जागेतनं दुधाळ धार उतरते. हा रोग वाऱ्या-पावसानं फाटलेल्या पानातनं आणि पुराच्या पाण्यातनं पसरतो, त्याला मुळावरचा मित्रजिवाणू फार अडवू शकेल असं मी आण्णांना कधीच सांगितलं नव्हतं.

शेजारच्या रानात तांबेयुक्त औषध आणि स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी सुरू झाली. स्ट्रेप्टोसायक्लिन प्रतिजैविक, सेंद्रियात विषयच नाही. तांबं काही मर्यादेत चालतं, पण तांबं मित्र आणि शत्रू जिवाणूत फरक करत नाही, आपण एवढं करून बसवलेलं पण धुऊन निघतं. इथं एक घोळ नेहमी होतो म्हणून सांगतो: ट्रायकोडर्मा ही बुरशी, तिला बुरशीनाशक मारतं, स्युडोमोनास आणि बॅसिलस हे जिवाणू, त्यांना तांबं आणि प्रतिजैविकं मारतात. दुकानात दोन्हीला "जैविक" म्हणून एकाच फळीवर ठेवतात आणि लोकांना वाटतं नियमही एकच.

आण्णांनी तांबं मारलं नाही. पाणी फोडून रान निथळलं, गोमूत्राची, जीवामृताची पाळी थांबवली कारण नत्र वाढलं की कडा करपा आणि करपा दोन्ही माजतात, ताज्या शेणाचं गाळलेलं पाणी दोनदा फवारलं, आणि रोग थांबल्यासारखा वाटल्यावर स्युडोमोनास लिटरला ५ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतरानं, निसवायच्या आधीपर्यंत. फवारणी संध्याकाळीच, उन्हात हा जिवाणू टिकत नाही, आणि पावडर दुहेरी फडक्यानं गाळूनच पंपात, नाहीतर नोझल तुंबून पंपवाला वैतागतो. पुराच्या पाण्यानं नुकसान झालं ते झालं, खालच्या कोपऱ्यातलं भात गेलं. वरच्या बाजूला मात्र हस्ताच्या पावसातही मानमोडी फारशी दिसली नाही. फक्त बांधावरच्या आंब्याच्या सावलीत, जिथं दव दुपारपर्यंत वाळत नाही, तिथं दिसली. करप्याला पान दहा-बारा तास ओलं राहणं आणि गार हवा एवढंच हवं असतं.

नत्राबद्दल अजून एक. २०२३ ला आण्णांनी माळावर उशिरा, जोर यावा म्हणून बाहेरच्या पोल्ट्रीचं कोंबडखत पसरलं होतं. सेंद्रिय म्हणजे कितीही घाला असं नसतं, त्यातलं नत्र झपाट्यानं मिळतं, पान गर्द हिरवं, लुसलुशीत होतं आणि करप्याला तेच आवडतं. प्रमाणीकरणातही बाहेरच्या मोठ्या पोल्ट्रीचं खत अडचणीचं ठरतं. २०२४ ला ते घातलं नाही, त्यामुळं त्या वर्षी मानमोडी कमी दिसली त्यातलं श्रेय जिवाणूला किती आणि कोंबडखत बंद करण्याला किती हे वेगळं काढता येणार नाही. मला विचाराल तर खताचा वाटा मोठा असावा.

२०२५ ला सगळंच उलटं झालं. मे महिन्यातच वळवानं सोडलं नाही, मान्सून केरळात २४ मे लाच आला आणि लगेच आपल्याकडं, धूळवाफेला जमीन कोरडी मिळालीच नाही. बऱ्याच जणांनी घाईनं तरवे टाकले. आण्णांच्या माळावरही रोप लावण करावी लागली, आणि बॅसिलससाठी ठेवलेलं बियाणं मग स्युडोमोनासमध्ये भिजवलं. यातनं गटाचा एक नियम बसला, की दुकानातनं आधीच पोतंभर पावडर आणून ठेवायची नाही, पेरणी कशी होणार हे दिसल्यावर आणायची. पाकिटावर ग्रॅमला जिवाणूंची संख्या, नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख बघायची, स्युडोमोनासचं पाकीट जेवढं ताजं तेवढं चांगलं, आणि दुकानाच्या दारात उन्हात लटकवलेलं असेल तर तारीख ताजी असली तरी नको. घरी आणल्यावर पत्र्याखालच्या माळ्यावर नाही, माजघरात गारव्याला.

यंदा मे मध्ये माळ परत धूळवाफेला मिळाला तर पट्टे पुन्हा पाडायचे ठरलंय, पण या खेपेला शेणखतातला स्युडोमोनास देताना पट्टे उभेच विभागायचे, म्हणजे मातीचा फरक आडवा येणार नाही. मळणीही वेगळी करायची, कारण २०२४ ला खळ्यावर तिन्ही पट्ट्यांच्या पेंढ्या एकत्र झाल्या आणि उताऱ्याचं कुणालाच काही सांगता आलं नाही. आण्णांच्या सुनेनं त्यासाठी तीन रंगांच्या सुतळ्या आत्ताच आणून ठेवल्यात, आणि गटातल्या आणखी दोघांनी आपल्या माळावरही एक पट्टा बिनप्रक्रियेचा सोडायची तयारी दाखवलीय.